खाली पोती, वर पाळणा

मांडवी, चिंचबंदर, मशीद बंदर या भागातल्या जुन्या इमारतींवर आजवर जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं त्यांच्या तोंडाबद्दल आहे. सज्ज्याखालचे नक्षीदार कंस, ओतीव बिडाचे कठडे, खिडक्यांवरच्या कमानी, लाकडात कोरलेल्या वेली. लिहिणाऱ्यांना दोष देता येत नाही. रस्ते इतके अरुंद, की समोर उभ्या राहिलेल्या माणसाला तोंडच दिसतं, आणि तेही मान दुखेपर्यंत वर केल्यावर. या पुस्तकातल्या मोजणी-रेखाटनांत मात्र तोंडांची चित्रं मोजकी आहेत. बहुतेक पानं उभ्या छेदांना दिली आहेत. इमारत जोत्यापासून कौलापर्यंत उभी कापली तर कोणत्या पातळीवर काय सापडेल, ते दाखवणारी ही रेखाटनं. असं का केलं, ते सांगायचं तर थोडं लांबून यावं लागेल.

या इमारतींची मूळ अटच वेगळी होती. एकाच मालकाच्या एकाच छपराखाली माल आणि संसार दोन्ही मावले पाहिजेत, दोघांनी एकमेकांवर नजर ठेवली पाहिजे, आणि तरीही दोघांचे पाय एकमेकांत अडकता कामा नयेत. ही अट समोरून दिसत नाही. छेदात ती लख्ख दिसते. भिंत कुठे जाड आहे, मजला कुठे जड केला आहे, जिना कुणीकडून चढतो, उजेड कुठून येतो या सगळ्याचं उत्तर 'खाली काय ठेवलं आहे' या एका प्रश्नात मिळतं. तोंडावरची नक्षी मालकाच्या हौसेनुसार आणि मिळालेल्या सुतारानुसार बदलते. छेद सहसा बदलत नाही.

या इमारतींना सरसकट 'व्हिक्टोरियन' म्हणायची पद्धत पडली आहे. कालगणनेपुरतं ते ठीक. राणी १८३७ ते १९०१ गादीवर होती आणि यांतल्या बऱ्याच इमारती त्याच काळातल्या आहेत. बिडाच्या खांबांचे आणि कठड्यांचे नमुनेही ग्लासगोसारख्या गावांतल्या ओतशाळांच्या छापील यादीतून निवडता येत असत. पण भिंतीला भिंत लावून रांगेत घरं बांधायची, खाली उदीम आणि वर बिऱ्हाड ठेवायचं, हे शिकायला कच्छच्या भाटियाला, काठेवाडच्या लोहाण्याला किंवा कोकणातल्या मुसलमान नाखव्याला इंग्लंडची राणी लागत नव्हती. ते त्यांच्या बंदरांत आधीपासून होतं.

इंग्रजही इथे आले ते आधी असल्याच घरांत राहिले. सुरत, राजापूर इथल्या त्यांच्या वखारी म्हणजे माल आणि माणसं एकत्र ठेवायच्या जागा. गठ्ठे, हिशेबाच्या वह्या, जेवणाची पंगत आणि झोपायची दालनं एकाच भिंतीच्या आत. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरची वखार घेतली तेव्हा कंपनीच्या मालाबरोबर कंपनीची माणसंही हाती लागली, याचं कारण तेच. सुरतेला १६६४ च्या स्वारीत जॉर्ज ऑक्झेंडनने वखार लढवली, तेव्हा एका अर्थी तो स्वतःचं बिऱ्हाडच लढवत होता. वेंगुर्ल्याच्या डच वखारीचे अवशेष अजून उभे आहेत. ज्यांना मांडवीच्या गर्दीत छेद वाचणं अवघड वाटेल, त्यांनी आधी तिथे जाऊन यावं. छप्पर नाही, त्यामुळे इमारत आपोआपच उघडी पडली आहे.

मुंबईत या घरांची रांग वाढायला दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. एक, फेब्रुवारी १८०३ ची आग. कोटाच्या आतला देशी लोकांचा दाट भाग तिच्यात मोठ्या प्रमाणावर जळाला आणि व्यापारी कुटुंबं कोटाबाहेर, उत्तरेकडे सरकू लागली. दुसरी, बंदरांची रांग. आज रेल्वेचे रूळ आणि पोर्ट ट्रस्टचे रस्ते आहेत तिथे तेव्हा भरतीचं पाणी येत होतं, आणि किनाऱ्याला दाणा बंदर, चिंच बंदर, मशीद बंदर असे धक्के होते. मशीद बंदरातली मशीद म्हणजे बेने इस्राएलांचं प्रार्थनामंदिर. कंपनीच्या फौजेतले अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ते १७९६ मध्ये उभारलं. मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं देऊळ, त्याला नाव मशिदीचं, भोवती पेढ्या कच्छी-गुजराती शेठांच्या आणि पाठीवर पोती वाहणारे घाटावरचे. मुंबईचं वर्णन करताना याहून वेगळी उपमा शोधायची गरज मला तरी पडलेली नाही.

गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्ये निघालं, तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं आणि मुंबईत कापसाचा पैसा पाण्यासारखा वाहत होता. कापूस मुख्यतः कुलाब्याला उतरायचा. मांडवीचा माल म्हणजे धान्य, साखर, तूप, तेलबिया, खजूर, मसाले. पण पैशाला अशा भिंती नसतात. कापसात कमावलेला रुपया मांडवीत वीट-लाकूड होऊन उभा राहिला. युद्ध १८६५ मध्ये संपलं, सट्टा कोसळला, कित्येक पेढ्या बुडाल्या. इमारती मात्र राहिल्या, हात बदलून.

आता छेदाकडे येऊ. सुरुवात जोत्यापासून.

जोतं दगडी, रस्त्यापासून दोन-तीन हात उंच. पावसाळ्यात या भागात पाणी साचतं हे त्याचं एक कारण. दुसरं असं, की बैलगाडी पाठ करून लावली तर गाडीचं पाटण आणि गोदामाची जमीन जवळपास एका पातळीत यावी, म्हणजे पोतं उचलायचं न राहता सरकवायचं राहतं. हमालाच्या कमरेचा हिशेब गवंड्याने दगडात करून ठेवला होता. आजच्या ट्रकची उंची वेगळी. म्हणून तिथे आता फळी टाकतात आणि तिच्यावरून तोल सांभाळत माणूस चढतो.

जोत्यावर गोदाम. रुंदी कमी, खोली भरपूर. रस्त्याकडची जागा महाग असल्यामुळे इमारतीचं तोंड अरुंद आणि पोट लांबच लांब. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक, त्यामुळे तिथून खिडकी नाही. उजेड पुढच्या दारातून आणि मागच्या गजांच्या झरोक्यातून जेवढा येईल तेवढा. धान्याला उजेड नको असतो. त्याला कोरडेपणा आणि थोडा वारा पुरतो. थप्पी भिंतीला चिकटवून लावायची नाही, माणूस आडवा जाईल एवढी वाट ठेवायची, खाली लाकडी ओंडके किंवा फळ्या टाकायच्या. हे नियम कुठे लिहिलेले नसले तरी खांब त्यांच्या हिशेबाने उभे असतात. खांबांमधलं अंतर मोजलं की एका खणात पोत्यांच्या किती रांगा बसायच्या हे कळतं. पूर्वी हे खांब सागवानी असत. पुढे बिडाचे आले. त्यांनी कमी जागा खाल्ली आणि उंदरांना चढायला थोडा त्रास झाला, एवढाच फायदा. आगीत मात्र बिडाचा भरवसा कमी. तापलेल्या बिडावर बंबाचं पाणी पडलं तर ते तडकतं. जाड सागवान बाहेरून कोळसा होत बराच वेळ उभं राहतं.

गोदाम आणि पहिला मजला यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी एक पोटमाळा सापडतो. सहा-सात फूट उंचीचा, डोकं वाकवून चालायचा. बारदान, दोरखंड, जुने तराजू, मोडकी मापं इथे. काही इमारतींत पेढी इथेच असते, म्हणजे गादी, लोड, मुनिमाचं उतरतं मेज आणि खाली गोदामात डोकावायला जमिनीतच ठेवलेली एक झडप. वर बसल्या बसल्या खालची तोलाई दिसावी आणि तोलणाऱ्याला आपण दिसतो आहोत हे कळावं, अशी ती झडप. मला विचाराल तर साऱ्या इमारतीतला सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग हाच. या झडपेचं छायाचित्र कुठल्याही वारसा-पुस्तिकेत सापडणार नाही, कारण रस्त्यावरून ती दिसत नाही.

त्यावर घर. आणि इथे मजल्याची जात बदलते. गोदामाच्या डोक्यावरची तुळई जाडजूड, तिच्यावर वासे, फळ्या, आणि फळ्यांवर चुना-विटांच्या चुऱ्याचा जाड थर. या थराचं काम केवळ पायाखाली सपाटी देणं नव्हतं. खालचा वास आणि धूळ वर येऊ नये म्हणूनही तो होता. तरी येतच. मिरचीचं गोदाम असलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर वाढलेल्या माणसाला खकाणा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. हिंगाच्या, हळदीच्या, खजुराच्या इमारती डोळे मिटून ओळखता येतात असं तिथले लोक सांगतात. माल हलल्याला वर्षं झाली तरी लाकडाने वास सोडलेला नसतो.

घराचा जिना वेगळा. मालाचं दार मधोमध आणि रुंद. घराचं दार बाजूला, एका पाखाचं, आणि आत शिरताच सरळ वर चढणारा, अंधारा, दोराला धरून चढायचा जिना. बायकामुलांना पोत्यांमधून, हमालांमधून, दलालांमधून जावं लागू नये ही त्यामागची इच्छा. तिला मर्यादा म्हणा, प्रतिष्ठा म्हणा. पण त्याच जिन्याखाली रात्री राखणदाराचं अंथरूण पडायचं. पहिल्या मजल्यावर शेठ किंवा त्याची भावकी, त्यावर भाडेकरू, कौलाखालच्या शेवटच्या मजल्यावर ज्याला उन्हाळ्यात भट्टी आणि पावसात गळती सोसेल तो. गॅलरी मागच्या अंगाला, मोरी गॅलरीच्या टोकाला, आणि तिच्याही मागे दोन इमारतींमधली ती अरुंद घरगल्ली. सांडपाणी आणि मैला या गल्लीतून जायचा. रस्त्याकडे बिडाची फुलं आणि मागे ही गल्ली. नळाचं पाणी १८६० मध्ये विहारहून मुंबईत आलं, पण पाणी घरात आणण्याची जेवढी घाई झाली तेवढी ते घराबाहेर काढण्याची झाली नाही.

या छेदाचं नेमकं उलटं रूप पाहायचं असेल तर अ‍ॅम्स्टरडॅमच्या कालव्यांवरची सतराव्या शतकातली घरं पाहावीत. तिथेही तोंड अरुंद, पोट लांब, भिंती चिकटून आणि मालक व्यापारी. पण माल वर, माळ्यावर, माणसं खाली. शिखराशी एक तुळई बाहेर काढलेली, तिला कप्पी, आणि दोराने गठ्ठे रस्त्यावरून थेट वर ओढून खिडकीतून आत. खालची जमीन ओली, वरचा माळा कोरडा, म्हणून. मग मुंबईत, जिथे चार महिने सगळंच ओलं असतं, माल वर का नेला नाही? माझं उत्तर असं, की डचांकडे कप्पी ओढायला हात कमी आणि महाग होते. मुंबईत पाठी स्वस्त होत्या. शंभर किलोची गोणी जमिनीच्या पातळीवर माणसाच्या पाठीवरून हलवणं हीच इथली यंत्रणा होती आणि इमारत त्या यंत्रणेभोवती बेतली गेली. सिंगापुरात रॅफल्सच्या १८२२ च्या नगररचनेने दुकान-घरांपुढे पाच फुटी पडवी सक्तीची केली आणि रस्त्यावर चालणाऱ्याला सावली मिळाली. मुंबईत अशी सक्ती झाली ती हॉर्नबी रोडवर कमानींची, तीही शतक संपता संपता. मांडवीला पडवी मिळाली नाही. ओटा मिळाला, आणि त्यावरही माल.

हे सगळं १८९६ मध्ये उघड्यावर आलं. २३ सप्टेंबरला डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी मांडवीतल्या रुग्णाचं निदान केलं, ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग. हाँगकाँगला दोन वर्षांपूर्वी यर्सिनने प्लेगचा जंतू ओळखला होता, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मांडवीत मेलेले उंदीर सापडत होते, हे लोकांना दिसत होतं. पॉल-लुई सीमोंने कराचीत उंदराच्या पिसवांचा धागा पकडला तो १८९८ मध्ये, आणि त्यावर शास्त्रज्ञांचं एकमत व्हायला पुढची काही वर्षं गेली. दरम्यान सरकारने जे केलं ते 'हवा दूषित आहे' या समजुतीने. घरं धुतली, चुना फासला, गटारांत जंतुनाशक आणि समुद्राचं पाणी सोडलं, कौलं काढून घरात ऊन पाडलं.

छेद समोर ठेवून हे वाचलं तर अंगावर काटा येतो. उंदराला लागतं ते सारं या इमारतीत एकमेकांना जोडून ठेवलेलं होतं. खाली धान्य. भिंती सामाईक, म्हणजे एका गोदामातून दुसऱ्यात जायला रस्त्यावर यायचं कारण नाही. मध्ये माणूस ज्यात वाकून जातो तो पोटमाळा आणि त्यात मऊ बारदान. मजल्याच्या फळ्यांखाली पोकळी. मागे घरगल्ली. आणि या सगळ्याच्या वर हातभर अंतरावर जमिनीवर अंथरूण घालून झोपलेली माणसं. गोदामं धुवून काढली तेव्हा उंदीर मेले नाहीत. ते शेजारी गेले. जी सामाईक भिंत मालकांचा अर्धा खर्च वाचवत होती तिनेच रोग रांगभर नेला.

१८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १८९७ च्या सुरुवातीला तिच्यातले जवळपास निम्मे लोक शहर सोडून गेले होते. बोटींनी कोकणात, आगगाडीने घाटावर आणि गुजरातेत. बाँबे-बडोदा रेल्वेची विरारपर्यंतची स्थानिक गाडी १८६७ पासून चालू होती, म्हणजे आम्ही राहतो त्या विरारकडच्या बाजूलाही ही माणसं उतरली असणार. त्यातली किती राहिली, किती परतली, हा वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे.

प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास आला. त्याने सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते समुद्राचा वारा आत यावा म्हणून दाट वस्तीतून कापले. यात वाऱ्याला जेवढं महत्त्व मिळालं तेवढं उंदराला मिळालं नाही, हे आज म्हणणं सोपं आहे. पण एक धोरण तेव्हापासून पक्कं होत गेलं: माल इथे आणि माणूस तिथे. पोर्ट ट्रस्ट १८७३ मध्ये स्थापन झाला होता. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक झालं, पुढच्या दशकात व्हिक्टोरिया डॉक. भराव घातलेल्या नव्या जमिनीवर पोर्ट ट्रस्टच्या गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. तिथे राहायला कुणी नव्हतं. ज्या घर-गोदामांच्या उंबऱ्याशी एकेकाळी भरतीचं पाणी येत होतं, त्यांना समुद्र दिसेनासा झाला. माल मात्र येत राहिला.

१४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' बोट फुटली. तिच्यात दारूगोळा होता, कापसाचे गठ्ठे होते आणि सोन्याच्या लगडी होत्या. पेटते गठ्ठे मांडवीच्या कौलांवर येऊन पडले. गोष्ट सांगताना लोक सोन्याच्या विटांची सांगतात. छेद वाचणाऱ्याला वेगळी गोष्ट दिसते. ही आग वरून आली. कौलं, वासे, सर्वांत गरीब भाडेकरू असा तिचा क्रम होता आणि धान्य शेवटी. प्लेग जोत्यापासून वर चढला आणि स्फोट कौलांपासून खाली उतरला. दोन्ही वेळा माल आणि संसार यांच्यातली ती चुन्याची जाड जमीन कुचकामी ठरली.

या इमारतींत राहणाऱ्यांमध्ये एक वर्ग असा आहे, ज्याचा उल्लेख शेठांच्या चरित्रांत येत नाही. सातारा, सांगली, जुन्नर-आंबेगावकडून आलेले हमाल. त्यांचं घर म्हणजे गावकीची खोली. एका गावचे पंधरा-वीस गडी एका खोलीत, प्रत्येकाची ट्रंक भिंतीशी, वळकटी दोरीवर, जेवण खानावळीत. ज्याची पाळी तो कामावर, बाकीचे झोपलेले. गोदामाच्या आसपास, कधी गोदामाच्याच वर. त्यांच्यासाठी कामाची जागा आणि राहायची जागा यात अंतर नव्हतं, पण हक्कही नव्हता. पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी या लोकांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. वास्तुरचनेच्या पुस्तकात कायदा कशाला, असं कुणी विचारेल. कारण या इमारतींना चालवणारं यंत्र म्हणजे माथाड्याची पाठ, हे वर सांगितलं आहे. यंत्राचा भाव बदलला की इमारतीचा उपयोग बदलतो.

तो बदललाच. १९८० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने नवी मुंबईला, तुर्भ्याच्या बाजार समितीत गेले. लोखंडाचा बाजार कळंबोलीकडे सरकला. मालाची मोठी साठवण भिवंडीत आली. भिवंडीची गोदामं म्हणजे पत्र्याचे अवाढव्य डबे. त्यांना छेद असा काही नाहीच, एकच पोकळी. तिथे रात्री कुणी झोपत नाही, निदान कागदावर तरी.

आणि माणसं? हे पुस्तक नालासोपाऱ्याच्या आचोळ्यात तयार झालं ते योगायोगाने झालेलं नाही. मोजणी करणारे, आराखडे काढणारे आम्ही सगळे याच बाजूला राहतो, कारण इतरत्र परवडत नाही. आमच्या रस्त्यावरून पहाटे नालासोपारा स्टेशनकडे निघणाऱ्यांत मशीद बंदरला जाणारेही असतात. दादरला गाडी बदलून, पुलावरून पलीकडच्या फलाटावर. ज्या आज्यांनी अंधारा जिना उतरून गोदामापाशी पाऊल ठेवलं त्यांच्या नातवंडांचा जिना आता पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा झाला आहे.

आचोळ्यालाही स्वतःचा इतिहास आहे. पलीकडे सोपारा, जिथे भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये स्तूप उकरला आणि जुन्या बंदराची खूण पुन्हा जगासमोर आणली, गावात तलाव, भोवती एकेकाळी भातखाचरं आणि मिठागरं. उत्तर कोकणातल्या जुन्या घरांत भाताचा कणगा घरातच असे आणि माळ्यावर पेंढा, कांदे, बियाणं. पण आज इथे जे बांधलं जातं त्याचं नातं त्या घरांशी नाही. त्याचं नातं, नकळत, मांडवीशी आहे. नालासोपारा पूर्वेला गल्लोगल्ली गाळे आहेत. खाली इमिटेशन दागिन्यांचं, पाकिटांचं, पॅकिंगचं काम, वर पत्र्याचा किंवा लाकडी पोटमाळा, त्यावर कारागिरांची अंथरुणं. चाळीतल्या दहा बाय पंधराच्या खोलीत अर्धी जागा मण्यांच्या पोत्यांनी भरलेली आणि उरलेल्या अर्ध्यात स्वयंपाक. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंची छोटी गोदामं इमारतींच्या तळमजल्यावर आणि वर बिऱ्हाडं.

नगररचनेच्या नकाशात निवासी पट्टा एका रंगाचा आणि औद्योगिक पट्टा दुसऱ्या रंगाचा असतो. पण नकाशा वरून पाहिलेला असतो आणि ही भानगड उभी असते. वरून पाहणाऱ्याला ती कधीच दिसणार नाही. त्यामुळे जे मांडवीत निदान विचार करून झालं होतं, वेगळा जिना, जाड जमीन, मागचा झरोका, ते इथे चोरून होतं आणि चोरून होतं म्हणून वाईट होतं. एकाच दारातून माल आणि मूल आत-बाहेर करतं. पोटमाळ्याला खिडकी नसते, कारण कागदावर पोटमाळाच नसतो. आग लागली तर खाली उतरायचा रस्ता मालातूनच. एकोणिसाव्या शतकातल्या गवंड्याला जे माहीत होतं ते आपल्याला माहीत नाही असं नाही. आपण ते मान्य करायला तयार नाही. घर आणि काम एका छताखाली असणं हा गुन्हा ठरवला, की त्यासाठी चांगला जिना काढून देणंही गुन्ह्यात सामील होणं ठरतं. या पुस्तकातल्या मांडवीच्या छेदांशेजारी आचोळ्याच्या काही गाळ्यांचे छेद दिले आहेत ते एवढ्यासाठी. त्यांचे पत्ते मुद्दाम दिलेले नाहीत.

मांडवीच्या इमारतींचं पुढे काय, यावर दोन शब्द. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या असल्यामुळे त्या उपकरप्राप्त इमारतींच्या 'अ' वर्गात येतात. भाडी १९४७ च्या कायद्याने गोठली, दुरुस्ती परवडेना, आणि १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आणि उपकर आला. तुळयांना लोखंडी टेकू लागले. तेही आमच्या रेखाटनांत आहेत, कारण ते आता इमारतीचाच भाग झाले आहेत. पुनर्विकासात निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट आणि बिगरनिवासी भाडेकरूला त्याच्याकडे आहे तेवढं क्षेत्र, असा सर्वसाधारण हिशेब असतो. क्षेत्र म्हणजे चौरस फूट. छेदातली उंची, झडप, मालाची वाट, दोन जिन्यांमधलं नातं यांचा त्यात हिशेब नाही. गोदामाच्या जागी मिळतो तो काचेचा गाळा, ज्यात पोत्यांची थप्पी लागत नाही. व्यापारी गाळा भाड्याने देतो आणि माल भिवंडीत ठेवतो. नव्या इमारतींचे खालचे मजले आता मोटारी ठेवायला जातात. या साऱ्या इमारती जपाव्यात असं मी म्हणणार नाही. काही इतक्या खचल्या आहेत की त्यांत माणसं ठेवणं पाप आहे. पण पाडण्यापूर्वी त्यांचे छेद काढून ठेवायला कुणाची ना नसावी.

हे पुस्तक हातात घेऊन तिकडे फेरी मारायची असेल तर एक सूचना. वारसा-फेऱ्या बहुधा रविवारी सकाळी निघतात. रस्ते मोकळे असतात, छायाचित्रं छान येतात आणि गोदामं बंद असतात. त्यापेक्षा कामाच्या दिवशी, अकराच्या पुढे जा. काझी सय्यद स्ट्रीटवर मसाल्याची, सुक्या मेव्याची दारं उघडी असतात. सॅम्युएल स्ट्रीटवर हातगाड्यांची रांग असते. उघड्या दारातून आत पाहा: जोतं, खांब, थप्पी, पोटमाळ्याची कड. मग बाजूचं अरुंद दार शोधा. विचारल्याशिवाय जिना चढू नका. वर कुणाचं तरी जेवण चाललेलं असतं. आणि मागून 'बाजू, बाजू' असा आवाज आला की वही मिटून आधी भिंतीला चिकटा. हातगाडीवर पाच-सहा क्विंटल माल असतो आणि उतारावर तिला थांबता येत नाही.